आधाराशिवाय

हात-गुडघे टेकून ओणवे; मग उजवा हात पुढे, डावा पाय मागे, दोन्ही हवेत. आणि प्राध्यापक पुन्हा एका कुशीवर कलंडले.

"पोट," त्यांची मुलगी म्हणाली.

"पोट हा स्नायू नव्हे, प्रदेश आहे," ते चटईवरूनच म्हणाले. "नेमकं सांग."

"सगळ्यांत आतला. कमरेला पट्ट्यासारखा वेढलेला. तुम्हीच शिकवलाय मला."

ते शरीररचनाशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, ती योगशिक्षिका. योगाविषयीच्या बहुतेक दाव्यांना ते गोड गैरसमज म्हणत आणि तिच्या वर्गाला मात्र न चुकता येत. हिवाळ्यात ते न्हाणीघरात पडले होते. हाड मोडले नाही, पण उठताही आले नाही. शेजारी येईपर्यंत ओल्या फरशीवरच पडून राहिले. तेव्हा मुलीने अट घातली. कशालाही न धरता जमिनीवरून उठून दाखवा आणि खुशाल एकटे राहा. नाही जमले तर माझ्या घरी यायचे. अट तपासता येण्याजोगी होती. त्यांनी ती मान्य केली.

चूक त्यांच्या पेशाची होती. तो स्नायू त्यांनी आयुष्यभर मृतदेहांत पाहिला होता: पातळ, फिकट, निश्चल. तो आवळायचा म्हटले की ते दम कोंडून सगळे पोट दगडासारखे करत. मान ताठ, चेहरा लाल. मग दम सुटला की तोलही सुटे.

"बाबा, तुमच्या एकाही नमुन्याने कधी श्वास घेतला नव्हता," ती म्हणाली. "तुम्ही घ्या. सोडताना बेंबी हळूच आत. आणि बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. एरवी थांबता कुठे?"

त्यांनी पुन्हा हात-पाय उचलले आणि पोटाचे थर सांगायला सुरुवात केली. बाहेरचा तिरका. आतला तिरका. मग आडवा. त्या शब्दाबरोबर श्वास सरला आणि बरगड्यांखाली काहीतरी शांतपणे आवळले गेले. चिमट्याच्या टोकाने शेकडो विद्यार्थ्यांना दाखवलेली गोष्ट त्यांना प्रथमच स्वतःत सापडली. हात हवेत राहिला. पायही.

"थांब," ते म्हणाले. "आता उठतो."

ते पाठीवर आडवे झाले. श्वास सोडत कुशीवर वळले, गुडघ्यांवर आले, एक पाऊल पुढे रोवले. मुलीने आपले हात मुद्दाम पाठीमागे धरले होते. भिंत वीतभर अंतरावर होती. त्यांनी भिंतीकडे पाहिलेही नाही. ते उभे राहिले.

मुलीने पाठीमागचे हात सोडले. मग म्हणाली, "हरले मी. राहा तुमच्या घरी."

"उद्या सामान घेऊन तुझ्याकडे येतोय," ते चटई गुंडाळत म्हणाले.

"पण तुम्ही तर जिंकलात."

"म्हणूनच. आणलेला बाप आणि आलेला बाप, यांत फरक असतो."