विकतचा मोडेम

“लवकर ठरवा, साहेब. मला अजून दुसरी घरं करायची आहेत,” केबलवाला म्हणाला. तो बैठकीच्या खोलीत जमिनीवरच मांडी घालून बसला होता आणि त्याच्यापुढे दोन मोडेम होते. एक विकतचा, एक भाड्याचा. रंग तोच, दिवे तेवढेच. फरक एवढाच, की भाड्याच्या पोटावर कंपनीचा शिक्का होता आणि कनेक्शन बंद केलं की तो परत द्यावा लागे.

“भाड्याचाच लावा,” मुलगा म्हणाला.

“विकतचा,” आई म्हणाली.

आईची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. कानाला हेडफोन लावून तिने अख्ख्या गावाची भांडणं आणि सोयरिकी जोडून दिल्या होत्या. त्यामुळे तार, बटण, यंत्र म्हटलं की घरात शेवटचा शब्द तिचा. पण आज मुलगा हट्टाला पेटला होता, आणि त्याला तसंच कारण होतं.

मुलगा आणि सून वेगळं राहायला चालले होते. सुनेच्या ऑफिसजवळ दोन खोल्यांचं घर त्यांनी बघून ठेवलं होतं. पुढच्या महिन्यात किल्ली मिळायची होती. सगळं ठरलं होतं, फक्त आईला सांगायचं तेवढं राहिलं होतं. रोज सकाळी सून त्याच्याकडे बघून भुवई उडवायची आणि तो चहाच्या कपात तोंड खुपसून बसायचा. वडील गेल्यापासून आईला हे दोघंच. तिला एकटीला टाकून चाललोय, हे बोलायला त्याची जीभ रेटत नव्हती. अशात जुन्या मोडेमने मान टाकली. नवा विकत घेतला की आई म्हणणार, चला, आता पाच-सहा वर्षांची काळजी मिटली. ते ऐकल्यावर आपला उरलासुरला धीरही सुटेल, याची त्याला खात्री होती.

“भाड्याचा बिघडला तर कंपनी बदलून देते, आई.”

“विकतचा बिघडला तर मी उघडून बघेन.”

“अगं, वर्षभरात नवं मॉडेल येतं.”

“येऊ दे की. मी काय त्याला लग्नाला मिरवायला नेणार आहे?”

सुनेने हळूच मध्ये तोंड घातलं. “पण आई, भाडं किती, एवढंसं. उगाच एकदम पैसे कशाला अडकवायचे?”

केबलवाल्याने असले वाद घरोघरी ऐकले होते. “सोपं आहे,” तो म्हणाला. “दीड-दोन वर्षं वापरणार असाल तर विकतचा परवडतो. त्याआधी जाणार असाल तर भाड्याचा घ्या. बोला, इथे किती दिवस आहात?”

सून पडद्याच्या चुण्या सारख्या करू लागली. आई जुन्या मोडेमची वायर बोटाला गुंडाळत बसली. मुलाच्या ओठांशी शब्द आले होते. हीच वेळ आहे, सांगून टाकावं आणि मोकळं व्हावं. त्याने आईकडे पाहिलं. तिची मान खाली होती. वायर गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. आपण गेल्यावर ही संध्याकाळी अशीच बसणार, दाराकडे डोळे लावून. निदान फोनवर आपली तोंडं बघायला तिच्या मनासारखा मोडेम तरी असावा. जाता जाता एवढं तरी चांगलं करून जावं.

“विकतचा द्या,” तो म्हणाला. “आणि पैसे मी देणार. आई, तू मध्ये पडायचं नाहीस.”

सुनेने डोळे वटारले, पण त्याने तिकडे पाहिलंच नाही. त्याला एकदम हलकं हलकं वाटत होतं. आपण काही अगदीच वाया गेलेला मुलगा नाही, हे त्याचं त्यालाच पटलं होतं.

आईचा चेहरा खुलला. केबलवाला विकतचा मोडेम जोडायला निघाला, तसा तिने त्याचा हात धरला.

“थांबा. मला एक सांगा, हा दुसऱ्या गावी नेला तर चालेल ना?”

“कुठेही न्या, मावशी. तिथे केबल असली म्हणजे झालं. भाड्याचा मात्र इथेच जमा करावा लागतो.”

“म्हणून तर मी अडून बसले होते!” आईने मोडेम उचलून मांडीवर घेतला. मग एक मोठा श्वास घेतला आणि एका दमात बोलून टाकलं. “मी चाललेय. आमच्या एक्स्चेंजची मैत्रीण, इतकी वर्षं लाइनच्या त्या टोकाला होती ती, तिच्या शेजारचं घर रिकामं झालं. मी घेऊन टाकलंय. आता तिथेच राहीन म्हणते, कायमची. तिला मेलीला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, सगळं मलाच बघायला लागणार. केव्हाची सांगीन सांगीन म्हणतेय, पण तुम्हा दोघांना टाकून जायचं म्हणजे… तोंडच उघडत नव्हतं रे. तुम्ही आपले भाड्याचा लावून घ्या.”

सुनेला आधी हसूच फुटलं. सगळं आपसूक सुटलं होतं, आता कुणाला काही सांगायची गरज उरली नव्हती. तिने मोठ्या आशेने नवऱ्याकडे पाहिलं आणि हसू तसंच गिळलं. त्याचं तोंड लाल झालं होतं आणि डोळ्यांत खरोखरचं पाणी तरारलं होतं.

“परस्पर घर बघून ठेवलंस?” तो म्हणाला. “आणि आम्हाला पत्ता नाही? आई, घरच्या माणसांना असं अंधारात ठेवतं का गं कुणी?”