तहानलेली बरी

सकाळपासून सासूबाईंना जुलाब होत होते. दुपारी त्यांनी पाण्याचा पेला ढकलून दिला. "प्यायलं की परत जावं लागतं. आणि धुणार कोण, तर तू! त्यापेक्षा तहानलेली बरी." सुनेनं केलेला चहासुद्धा त्या तोंड वाकडं करून प्यायच्या. सुनेनं चादर बदलली.

संध्याकाळी सासूबाईंचे डोळे खोल गेले, जीभ कोरडी पडली, बोलणंच बंद झालं. सुनेनं डॉक्टरांना फोन केला. "ओआरएसची, ती मीठ-साखरेची पावडर पाण्यात घालून चमच्यानं पाजत राहा आणि लगेच घेऊन या," डॉक्टर म्हणाले. नवरा गाडी आणायला धावला.

सुनेनं पेल्यात पावडर कालवली आणि सासूबाईंचं डोकं मांडीवर घेतलं. "आई, पाणी बंद करून जुलाब थांबणार नाहीत. तुम्हीच थांबाल." पहिला चमचा ओघळला. पुढचे हळूहळू आत गेले. बऱ्याच वेळानं सासूबाईंनी डोळे उघडले.

"खाली पावडर तशीच राहिलीय. साधं ढवळताही येत नाही तुला."

नवरा धापा टाकत दारात आला. "कशी आहे आई?"

सुनेनं पदरानं डोळे पुसले.

"मला बोलायला लागल्या."