माश्या कोणाच्या

गावच्या कोर्टात म्हातारी मार्जरी चेपलेलं पातेलं घेऊन उभी होती. तिचा एकुलता मधमाश्यांचा थवा उडून शेजारच्या टोबायसच्या सफरचंदाच्या झाडावर बसला होता. इंग्लंडातल्या त्या खेड्यात तेव्हा रिवाज होता, की थवा बसेपर्यंत मालकाने पातेलं वाजवत राहिलं तरच माश्या त्याच्या. नाहीतर ज्याचं झाड, त्याच्या.

"मी वाजवलं," मार्जरी म्हणाली.

"ऐकलं कोणी?" न्यायाला बसलेल्या कारभाऱ्यांनी विचारलं.

त्या दिवशी सगळं गाव गवत कापायला गेलं होतं.

टोबायसने टोपी काढली. "मी ऐकलं, साहेब. गुडघा अडला तशी कुंपणापाशी बसली, पण वाजवायची थांबली नाही."

"अरे, मग तू हरलास की!"

"हरलो. पण अर्धा तास वाजवत होती बाई!"

"पाऊण," मार्जरी म्हणाली.