बरणीतलं वर्ष

"ईशानी, हे चित्र तू काढलेलं नाहीस, असं आम्हाला वाटतं," मिस्टर प्रेन्टिस म्हणाले. इतक्या गोड आवाजात म्हणाले, की शशिधररावांना आधी कौतुकच चाललंय असं वाटलं.

नात नॉटिंगहॅमच्या शाळेत शेवटच्या वर्षाला होती आणि प्रेन्टिस तिचे चित्रकलेचे शिक्षक. तिचे आईवडील दोघंही हॉस्पिटलच्या ड्यूटीवर, म्हणून शाळेनं बोलावल्यावर आजोबा आले होते. बसमध्ये तिनं त्यांना बजावलं होतं, "आजोबा, तुम्ही प्लीज काही बोलू नका हं. मी हँडल करते." लोकांना भूल देऊन गप्प करण्यात ज्यांची उभी नोकरी गेली, त्या डॉक्टरांनी मग स्वतःच्याच तोंडाला कुलूप घातलं. मांडीवर एक चपटं खोकं होतं, आत चित्र. रंगाला धक्का लागू नये म्हणून ते त्यांनी सगळी वाट नैवेद्याच्या ताटासारखं आडवं धरून आणलं होतं.

प्रेन्टिसनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. ईशानीनं शाळेला पाठवलेला चित्राचा फोटो. लोणच्याची बरणी, तिच्यात फुलं. पेन्सिलीच्या टोकानं ते एकेक चूक दाखवू लागले. डॅफोडिल मार्चमध्ये फुलतं, डेलिया सप्टेंबरात, मग दोन्ही एका बरणीत आली कशी? गुलाबाची सावली आखूड, शेवंतीची लांबलचक, मग त्या खोलीत सूर्य तरी किती? बरणीचा काठसुद्धा एका बाजूनं तुटका.

"एआयच्या टिपिकल चुका आहेत ह्या," ते म्हणाले. "खरी फुलं समोर ठेवून काढणाऱ्याकडून होत नाहीत."

रिपोर्ट परीक्षा बोर्डाकडे गेला तर आर्टचे मार्क शून्य, आणि मग आर्ट कॉलेजचं नाव काढायला नको. हेही त्यांनी त्याच गोड आवाजात सांगितलं.

शशिधररावांच्या अंगाचा तिळपापड झाला. बरणी त्यांच्या घरातली. काठ त्यांच्याच हातून नळाखाली उडालेला, आणि त्यापायी बायकोची बोलणीही त्यांनीच खाल्लेली. आणि फुलं? एकेक फूल त्यांनी मागच्या बागेतून स्वतः कापून आणलं होतं. आधी डॅफोडिल. ते काढून झालं, की पोरगी कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवायची आणि पुढच्या फुलाची वाट बघायची. त्यांच्या किचनच्या खिडकीत जूनचा सूर्य डोक्यावर असतो आणि नोव्हेंबरचा टेबलावर लोळतो, हे इंग्लंडात जन्म काढलेल्या माणसाला आता इंडियातून आलेल्यानं सांगायचं का?

"मी वर्षभर काढत होते," ईशानी म्हणाली. "सोलांज व्हेर्नेसारखं."

सोलांज व्हेर्ने ही फ्रेंच चित्रकर्ती. तिच्या चित्राचं पोस्टर प्रेन्टिसच्या डोक्यामागंच भिंतीवर होतं, एका सुरईत सगळ्या ऋतूंची फुलं. ईशानीनं तिच्यावर लिहिलेला निबंध आजोबांना जेवताना वाचून दाखवला होता. बाई एका वेळी एकच फूल विकत आणायची, रंगवायची, आणि पुढचं परवडेपर्यंत थांबायची. पॅरिसचे समीक्षक हसायचे, हिला ऋतू कळत नाहीत म्हणायचे. साठी उलटल्यावर त्याच चित्रांना म्युझियमच्या भिंती मिळाल्या. हे सगळं वर्गात गहिवरून शिकवलं कोणी? ह्याच प्रेन्टिसनी.

प्रेन्टिसनी मागं वळून पोस्टरकडे पाहिलं.

"पण ईशानी," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "ती सोलांज व्हेर्ने होती."

बस्स. कुलूप तुटलं.

"म्हणजे तिनं केलं तर प्रतिभा, आणि आमच्या पोरीनं केलं तर मशीन?" शशिधरराव उठून उभे राहिले. "तुम्ही हे चित्र बघितलंय तरी का? फोटो बघितलात! पेशंटला न तपासता, नुसत्या फोटोवरून मी कुणाला मेलेला ठरवलं असतं ना, तर मला कायमचं घरी बसवलं असतं!"

ईशानीनं ह्या वेळी त्यांना अडवलं नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? त्यांनी खोक्यातून चित्र काढलं आणि लॅपटॉप बाजूला सारून टेबलावर ठेवलं.

डॅफोडिलचा पिवळा तैलरंग वाळून कडक झाला होता. त्याच्या पाकळीवरून गुलाबाचं पान गेलं होतं, पानावर डेलिया रेलला होता. थरावर थर चढलेले होते. प्रेन्टिस चष्मा कपाळावर चढवून वाकले, बराच वेळ बघत राहिले. पण डोक्यात शिरलेला संशय असा सहजासहजी निघत नाही. त्यांनी न विचारता हात पुढे केला आणि कोपऱ्यातल्या पांढऱ्या शेवंतीवर अंगठा दाबला.

"नको! ओली आहे ती!" ईशानी ओरडली. "रविवारीच संपवलीय मी!"

अंगठा पांढरा होऊन वर आला. शेवंतीच्या मधोमध ठसा उमटला होता, रेषा न् रेषा दिसत होती.

"ओ गॉड. आय अ‍ॅम सो सॉरी." प्रेन्टिस टिश्यू शोधू लागले. रिपोर्ट आता अर्थातच जाणार नव्हता. त्यांचा गैरसमज झाला होता. आणि तेवढं एक फूल काय, ईशानी सहज दुरुस्त करील, भरपूर वेळ आहे.

"घरी अजून शेवंती आहे गं," आजोबा मराठीत हळूच म्हणाले. "ताजी कापून देतो. नव्यानं काढ."

ईशानी ठशाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिनं प्रेन्टिसनी पुढे केलेला टिश्यू घेतला नाही. चित्र उचलून खोक्यात आडवं ठेवलं.

"नको, आजोबा," ती म्हणाली. "राहू दे तो. तो पण ह्याच वर्षातला आहे."