दोघांचा फोटो

बँक लुटून पळालेल्या त्या नवरा-बायकोचे फोटो पोलिसांनी गावोगाव भिंतींवर चिकटवले होते. पहिल्या गावात दोघं वेगवेगळ्या चौकटींत होती, जणू एकमेकांना ओळखतच नव्हती.

दुसऱ्या गावात दोघं एकाच चौकटीत होती. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं.

"अरे, असा फोटो आपण कधी काढला?"

"कधीच नाही," तो हसला. "लग्नात राहून गेला होता ना? पोलिसांनी हौस भागवली बघ तुझी!"

ती हसली खरी, पण दिवसभर तिनं त्याचा हात सोडला नाही.

आज भरदुपारी, तिसऱ्या गावाच्या बसस्थानकावर, तो तिकिटं काढायला गेला आणि तिला भिंतीवरचा कागद दिसला. फोटोत ती एकटीच होती. डोळे रडून सुजलेले, आणि खांद्यांवर त्याचा तपकिरी कोट.

तो यायच्या आत तिनं कागद टराटरा फाडला.

"चल, बस लागलीय," तो मागून म्हणाला.

"या बसनं नको जाऊया."

"अगं, सीमेपलीकडे जाणारी ही एकच आहे. आणि केवढी थरथरतेयस, वेडे!" असं म्हणत त्यानं आपला कोट काढला आणि अलगद तिच्या खांद्यांवर घातला.