शब्दांशिवाय आलेली चाल

"गाडी नाहीये," कॉरमॅक आत येत म्हणाला. "घराला कुलूप. फोन ओट्यावर पडलाय, खिडकीतून दिसला."

अबोलीने दाराकडे पाहिलं. बाबा फोन विसरणाऱ्यांतले नव्हते. आयर्लंडमधल्या कासलबारच्या इस्पितळात भूलतज्ज्ञ म्हणून सगळं आयुष्य काढलेला माणूस, निवृत्तीनंतरही उशाशी फोन घेऊन झोपायचा. म्हणजे मुद्दाम ठेवून गेले होते.

छोटं सभागृह भरलं होतं. बाबांचे जुने सहकारी, शेजारी, डब्लिनहून आलेल्या अबोलीच्या दोन मैत्रिणी. पियानोवर मुंडावळ्यांचा डबा. आईची मोरपंखी पैठणी अंगावर जड होत होती.

"ग्रँड होईल सगळं," कॉरमॅक म्हणाला. त्याने टायची गाठ सैल केली, परत आवळली. सकाळपासून हेच चाललं होतं. कोपऱ्यात त्याची आत्या, ऊना, निळ्या रेशमी पोशाखात चेलो सुरात लावत बसली होती. तो केव्हाच लागला होता.

फोनवर पुण्याहून विलासकाका उगवले.

"आला का दादा?"

"येतील."

"दादाला पटवलंस तरी कसं तू?"

"पटवलं नाही. हट्ट केला."

काकांनी आवाज खाली आणला. "सोसायटीत लोक विचारतात गं. परक्या माणसांत लग्न, आणि वहिनीला जाऊन अजून... वहिनी असती तर..."

"आई असती तर हे लग्न झालंच नसतं, काका."

"मग मी वेगळं काय म्हणतोय?"

"अहो, ठेवा तो फोन!" मागून काकूंचा आवाज आला. "अबोली, नथ घातलीस ना गं?"

अबोलीने पहिल्यांदा हा लग्नाचा विषय काढला तेव्हा बाबा भरल्या ताटावरून उठून गेले होते. मग कितीतरी महिने त्यावर अक्षर नाही. शेवटी एकदा म्हणाले, "तुझ्या आईला काय वाटेल?"

"मी तिच्याच पोटची आहे ना? मला आनंद होतोय," ती म्हणाली होती.

"बरं," बाबा म्हणाले. "पण ते गाणं नको."

ते गाणं म्हणजे एक जुनी स्कॉटिश लोकचाल. ऑस्ट्रियन संगीतकार हायडनने ती गळा, व्हायोलिन, चेलो आणि पियानो यांच्यासाठी बांधलेली. दर हिवाळ्यात बाबा ती गायचे. पहिल्यांदा ऐकल्यावर ते ओरडलेच होते, "अगं, हा तर आपला भूप!" सांगलीत पेटी शिकलेली आई इथे येऊन पियानोवर बसली, ती त्या भूपासाठी. चेलोवर तिची मैत्रीण ऊना, व्हायोलिनवर कॉरमॅक. शेवटच्या आठवड्यांत ऊना इस्पितळात आईच्या पलंगाशी बसून तेच वाजवायची.

त्यानंतर बाबा गायले नाहीत. घरच्या पियानोचं झाकण अबोलीने उघडलं. शनिवार-रविवारी डब्लिनहून येऊन ती आईचा भाग बसवत राहिली. बाबा तेवढा वेळ बागेत असायचे.

"मीच घाई केली का?" ऊनाने हळूच विचारलं.

"घाई मी केली," अबोली म्हणाली.

रजिस्ट्रारबाई जवळ आल्या. "मला पुढे आणखी एक लग्न लावायचंय. काय करूया?" त्यांनी ऊनाकडे पाहिलं, मग अबोलीकडे.

"बाबा आले नाहीत तर लग्न नाही."

कॉरमॅकला एकदम हसू फुटलं. "हे मात्र अगदी खरं." ऊनाने त्याच्या पोटरीवर गज मारला.

अबोली पियानोपाशी बसली. "वाजवूया."

"तो नको म्हणाला होता," ऊना म्हणाली. "आणि गाणार कोण?"

"पियानोत चाल आहेच. हायडनला तरी शब्द कुठे मिळायचे? स्कॉटलंड त्याने पाहिलंसुद्धा नव्हतं. टपालाने नुसती चाल यायची."

"मग गाणं लग्नाचं की मयताचं, त्याला कळायचं कसं?" कॉरमॅकने विचारलं.

"बहुतेकदा कळायचंच नाही. चाल जाईल तसा तो सोबत जायचा. उचल व्हायोलिन."

तिघांनी सुरुवात केली. गळ्याची जागा आली आणि तिथे फक्त पियानो चालत राहिला. एकट्याने, नीट. अबोलीच्या बोटांना आईच्या बोटांचं वजन माहीत झालं होतं. खुर्च्यांतली कुजबुज थांबली. पहिलं कडवं संपलं.

दार वाजलं. बाबा शेवटच्या रांगेमागे उभे होते. बुटांना ओली वाळू. अबोलीने पाहिलं, पण हात थांबवले नाहीत.

दुसऱ्या कडव्याला ते गायले.

पहिली ओळ फाटली. दुसरी जेमतेम उभी राहिली. तिसऱ्या ओळीला तो जुना, भरदार आवाज छताला जाऊन भिडला आणि ऊनाचा चेलो त्याच्याखाली येऊन उभा राहिला. स्कॉटिश शब्दांचे उच्चार नेहमीसारखेच अस्सल मराठी. गात गातच ते मधल्या वाटेने पुढे आले. शेवटचा षड्ज त्यांनी सोडलाच नाही, कॉरमॅकचा गज संपला तरी. मग सगळं सभागृह उठलं. टाळ्या, शिट्ट्या, आणि कुणीतरी जमिनीवर बुटांनी ताल धरला.

"कुठे होतात?" अबोलीने विचारलं.

"समुद्रावर. तुझ्या आईच्या अस्थी सोडल्या तिथे. म्हटलं, तिला विचारून येऊ."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, दुसऱ्या कडव्यात घाई करू नका." बाबांनी डोळे पुसले. "नेहमीचंच तिचं."

रजिस्ट्रारबाईंनी घसा खाकरला आणि वधूवरांना पुढे बोलावलं. ऊनाने चेलो भिंतीशी टेकवला आणि ती उभी राहिली.

अबोलीने बाबांचा हात धरून त्यांना पुढे नेलं आणि तो हात ऊनाच्या हातात दिला.