नासपतीचा जबाब

“फळणार की नाही?” तोकुझोने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता कुऱ्हाड घातली.

नव्या वर्षाच्या पंधराव्या दिवशी फळझाडाला असं धमकावायचं, ही जपानातल्या इवातेच्या डोंगरातली रीत. कुऱ्हाड घरधन्याच्या हातात. झाडाच्या वतीने “फळेन, फळेन” म्हणायचं ते घरधनिणीने. साल जराशी खरवडली की तिथे लाल चवळीची पेज फासायची, झालं.

आजचा घाव चार बोटं आत गेला. ढलपी उडून, पेजेचं भांडं धरून उभ्या असलेल्या त्याच्या बायकोच्या, किनेच्या गालाला लागली. रक्त बर्फावर ठिबकलं. तिने ते पुसलं नाही.

“तीन वर्षं नुसता फुलोरा,” तोकुझो म्हणाला. “पणजोबांचं झाड म्हणून लाड किती करायचे?”

“अहो, हळू. लाकूड आतपर्यंत गोठलंय. उभं फाटेल.”

“फाटू दे. तू तुझं काम कर. फळणार, की तोडू?”

किने ओढ्यापलीकडे बघत होती. दिराच्या आवारात बर्फातून कमरेएवढा बुंधा वर आला होता. तीही नासपतीच, पण दुसऱ्या जातीची. दोन्ही झाडं एकाच आठवड्यात फुलायची आणि मधमाश्या दिवसभर ओढा ओलांडून ये-जा करायच्या. तीन हिवाळ्यांपूर्वी बांधाच्या भांडणात तोकुझोने ती तोडली. दीर एकिची खोडाला हात लावून आडवा आला, तरी कुऱ्हाड थांबली नाही. तेव्हापासून एकिचीच्या उजव्या हाताला तीनच बोटं.

दुसरा घाव बसला. झाड शेंड्यापर्यंत हादरलं आणि फांद्यांवरचं बर्फ दोघांच्या अंगावर कोसळलं.

“बोल की. जीभ गोठली का?”

“नाही फळणार,” किने म्हणाली.

असं उत्तर त्या गावात कुणी दिलं नव्हतं.

“काय म्हणालीस?”

“झाड बोलतंय, ऐक. एकटीला मला फळ धरत नाही. माझा जोडीदार तू तोडलास. ही पेजसुद्धा त्याच्याच लाकडावर शिजलीय.”

तोकुझोने कुऱ्हाड डोक्यावर नेली. “हो बाजूला.”

ती पुढे झाली. वाफाळत्या पेजेत तिने उजवा हात बुडवला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्यात मुडपलं. उरलेली तीन बोटं घावावर टेकवली.

“घाल,” ती म्हणाली. “सवय आहे तुझ्या हाताला.”